एकाच खडकाच्या दोन बाजू: लाटांच्या माऱ्याखालील प्राणिसमूहाचे एक प्रकरण

नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पदव्युत्तर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने संशोधन प्रकल्पासाठी समुद्राखालील खडकावरच्या प्राणिसमूहांचा विषय निवडला, तेव्हा विभागातील बहुतेकांनी तो अव्यवहार्य ठरवला होता. नाशिकहून मालवण रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, विभागाकडे पाण्याखाली काम करण्याची कोणतीही सोय नाही, आणि इथली सारी क्षेत्रीय कामाची सवय गोदावरीच्या पात्राची व गंगापूर धरणाच्या काठाची. मात्र तिचा मामेभाऊ मालवण परिसरात स्कूबा डायव्हिंगचा मार्गदर्शक म्हणून काम करतो आणि त्याने तिच्यासाठी एका खडकाची पद्धतशीर छायाचित्रे काढून दिली होती. त्या छायाचित्रांवर काय सिद्ध करता येते आणि काय येत नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे. प्रकल्पाची मार्गदर्शक म्हणून मी त्यात शेवटपर्यंत होते.

खडक मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातला, किनाऱ्यापासून थोडा आत, भोवती सुमारे बारा मीटर पाणी असलेला. त्याची पश्चिमेकडची बाजू खुल्या अरबी समुद्राला सामोरी आहे आणि पूर्वेकडची बाजू किनाऱ्याकडे तोंड करून आडोशाला आहे. डायव्हरने दोन्ही बाजूंवर सारख्याच खोलीला चौकट टेकवून छायाचित्रे घेतली होती. पश्चिमेकडच्या छायाचित्रांत कातळ जवळजवळ दिसतच नव्हता: नारिंगी, पिवळ्या व करड्या रंगाचे थर करून पसरलेले स्पंज, त्यांच्या मधून डोके काढणारी मोठी बार्नॅकल (कातळाला चिकटून चुन्याच्या कवचात राहणारे प्राणी), आखूड हायड्रॉइडांची (रोपट्यासारखे दिसणाऱ्या, भुजांनी अन्न टिपणाऱ्या प्राण्यांची) दाट लव, आणि ट्युबॅस्ट्रिया या नारिंगी कप-प्रवाळाचे झुबके. पूर्वेकडे मात्र गाळाने माखलेले आखूड शैवाल, अधूनमधून एखादा काळपट समुद्री साळू (शैवाल खरवडून खाणारा गोल, काटेरी प्राणी), आणि प्राणी विरळ. विद्यार्थिनीचा निष्कर्ष तयार होता आणि तो तिने पहिल्याच मसुद्यात लिहून आणला: लाटांचा मारा जिथे अधिक, तिथे प्राणी अधिक, कारण हलते पाणी अन्न आणून देते.

हा निष्कर्ष कुठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तो आळसातून आलेला नव्हता. गोदावरीच्या उथळ, खळाळत्या भागात दगड उलटून पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की वेगवान पाण्यातल्या दगडांवर सिम्युलियमच्या, म्हणजे काळ्या माशीच्या अळ्या दाटीने चिकटलेल्या असतात आणि डोक्यावरच्या पंख्यांनी वाहत्या पाण्यातले कण टिपतात. जाळे विणणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्याही तिथेच सापडतात, आणि डोहातल्या संथ पाण्यातल्या दगडांवर त्यांच्याऐवजी गाळ व शैवाल भेटते. नदीवर तयार झालेली ही नजर समुद्रावर वापरली, तर पश्चिमेची बाजू म्हणजे खळाळ आणि पूर्वेची म्हणजे डोह, असे वाटणे अगदी साहजिक आहे. पण नदीचे पाणी एका दिशेने जाते, लाटेखालचे पाणी जागच्या जागी पुढे-मागे होते. नदीतल्या अळीला आपले जाळे प्रवाहाकडे तोंड करून कायमचे लावता येते, तर लाटेखालच्या हायड्रॉइडला दर काही सेकंदांनी उलट बाजूने येणारा ओढा, म्हणजे पाण्याची खेच, सोसावा लागतो आणि तरीही भुजांनी अन्न पकडावे लागते.

हा ओढा किती असतो, याचा हिशेब तिला करायला सांगितला. लाटांच्या साध्या रेषीय सिद्धांतानुसार, दोन मीटर उंचीची आणि दहा सेकंद कालावधीची (म्हणजे एकीमागून दुसरी दहा सेकंदांनी येणारी) लाट बारा मीटर खोल पाण्याच्या तळाशी सेकंदाला सुमारे पाऊण मीटर वेगाची हालचाल निर्माण करते. तेवढ्याच उंचीची, पण पाच सेकंद कालावधीची लाट तिथेच सेकंदाला सुमारे ३५ सेंटीमीटर एवढीच हालचाल पोहोचवते, कारण आखूड लाटेचा प्रभाव खोलीबरोबर फार लवकर विरतो. पाण्याचा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने या दोन लाटांमधला फरक प्राण्याच्या दृष्टीने दुपटीचा राहत नाही, तो जवळजवळ पाचपटीवर जातो. म्हणून नकाशावर 'खुली बाजू' असे लिहून काम भागत नाही. दूरवरून येणारी लांब कालावधीची लाट आणि स्थानिक वाऱ्याने उठलेली आखूड लाट वरून सारखीच उंच दिसली, तरी बारा मीटरवरच्या स्पंजाला त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आकडे सपाट तळासाठीचे आहेत. उभ्या कड्यावर लाट आदळून परतते तेव्हा हालचाल आणखी गुंतागुंतीची होते, आणि तिचा हिशेब एका पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

छायाचित्रांची उलटतपासणी

पहिली शंका छायाचित्रांवरच घ्यावी लागली. पश्चिमेची सर्व छायाचित्रे फ्लॅश वापरून घेतलेली होती, पूर्वेची बरीचशी फ्लॅशविना. विचारल्यावर डायव्हरने सांगितलेले कारण अगदी योग्य होते: पूर्वेच्या बाजूला पाण्यात गाळ तरंगत असतो, फ्लॅशचा उजेड त्या कणांवरून परत लेन्सवर येतो आणि छायाचित्रभर पांढरे ठिपके पडतात, म्हणून त्याने तो बंद केला. पण पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. फ्लॅशविना घेतलेल्या छायाचित्रात गुलाबी चुनखडी शैवाल, तांबडा थराचा स्पंज आणि मेलेल्या बार्नॅकलचे कवच या तिन्हींचा रंग एकाच मळकट हिरव्या-निळ्यात जातो. त्यामुळे मोजणी करताना जे ओळखू आले नाही ते 'शैवाल व गाळ' या रकान्यात गेले होते, आणि पूर्वेच्या बाजूची प्राणिदारिद्र्याची कीर्ती काही अंशी कॅमेऱ्याच्या बटणावर उभी होती. फ्लॅश असलेली पूर्वेची थोडी छायाचित्रे वेगळी काढून पुन्हा मोजली तेव्हा फरक कमी झाला, पण नाहीसा झाला नाही.

मोजणीची रीत नेहमीचीच होती: प्रत्येक छायाचित्रावर संगणकाने यादृच्छिक बिंदू टाकायचे आणि प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते नोंदवायचे. प्रवाळांच्या अभ्यासासाठी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली सीपीसीई ही आज्ञावली यासाठी अजूनही वापरली जाते. इथे एक साधा हिशेब विद्यार्थी सहसा करत नाहीत. एका छायाचित्रावर पन्नास बिंदू टाकले आणि स्पंजाचे खरे आच्छादन ३० टक्के असले, तर निव्वळ योगायोगाने येणारे उत्तर १७ ते ४३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पडू शकते. अनेक चौकटींची सरासरी घेतली की हा पसारा आवरतो, पण त्या चौकटी एकाच खडकाच्या एकाच बाजूच्या असतात, ही अडचण सरासरीने दूर होत नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसरशास्त्रज्ञांना ज्या आभासी पुनरावृत्तीबद्दल सावध केले होते, तिचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे: कितीही चौकटी मोजल्या तरी खुली बाजू एकच आणि आडोशाची बाजू एकच.

याशिवाय, बिंदू टाकण्याची रीत वरचाच थर मोजते. हायड्रॉइडांच्या लवीखाली स्पंजाचा थर, त्याखाली बार्नॅकलचे कवच, आणि कवचाच्या पोकळीत एखादा अळीवजा कृमी अशी रचना असेल, तर छायाचित्राला फक्त हायड्रॉइड दिसतो. आणि स्पंजांच्या बाबतीत तर छायाचित्रावरून जातीचे नाव लिहिण्याचे धाडस करूच नये. त्यासाठी तुकडा घेऊन त्यातील मांसल भाग विरघळवून आतल्या सूक्ष्म काड्या, म्हणजे स्पिक्यूल, सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. तिथे तुकडे घेण्याचा प्रश्नच नव्हता, प्रवाळांना तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. म्हणून जातींची यादी गाळून 'थर करणारे', 'उभे वाढणारे', 'कवचात एकेकटे राहणारे' आणि 'लवीसारखे' असे देहाच्या ठेवणीवरचे गट करायचे ठरले. ही तडजोड होती हे खरे, पण पुढे सगळ्यांत उपयोगी तीच पडली.

आडवी पायरी

प्रकरणाला कलाटणी मिळाली ती पश्चिमेच्या बाजूच्या काही नकोशा छायाचित्रांमुळे. कड्याच्या मधोमध कातळाची एक आडवी पायरी पुढे आलेली होती आणि डायव्हरने तिच्यावरही चौकट टेकवली होती. विद्यार्थिनीने ही छायाचित्रे 'प्रातिनिधिक नाहीत' म्हणून बाजूला ठेवली होती, कारण त्यांत प्राणी फारसे नव्हते. तिथे आखूड शैवाल होते, शैवालात अडकलेली वाळू होती, चुनखडी शैवालाचा गुलाबी थर होता आणि साळूंनी खरवडलेले ठिपके होते. म्हणजे बाजू तीच, खोली तीच, लाटा त्याच, आणि समूह मात्र पूर्वेच्या बाजूसारखा. मग पूर्वेच्या छायाचित्रांत उलट उदाहरण शोधले, आणि तेही सापडले: एका कपारीच्या झुकत्या छताखाली, जिथे आडोसा पूर्ण होता, प्राण्यांची गर्दी होती.

तेव्हा कुठे दोन्ही बाजूंचा उतार पाहण्याची बुद्धी झाली. पश्चिमेचा कडा जवळजवळ उभा होता, पूर्वेची बाजू तिरकी, वर तोंड करून पडलेली. म्हणजे ज्या दोन गोष्टींची तुलना लाटांच्या नावाने चालली होती, त्या लाटांबरोबरच उतारानेही वेगळ्या होत्या. उतार बदलला की दोन गोष्टी बदलतात. वर तोंड केलेल्या कातळाला उजेड मिळतो, उभ्याला फार कमी, आणि झुकत्या छताला जवळजवळ नाहीच. तसेच वर तोंड केलेल्या कातळावर पाण्यातला गाळ बसतो, उभ्यावर तो टिकत नाही. शैवालाला उजेड हवा, आणि गाळ त्याला काही प्रमाणात चालतो. स्पंज, ॲसिडियन (पाणी गाळून खाणारे पिशवीसारखे प्राणी) आणि ब्रायोझोआ (सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती) यांना उजेडाची गरज नाही, पण गाळाने त्यांची पाणी आत घेण्याची छिद्रे व अन्न टिपणाऱ्या भुजा बुजतात.

यांपैकी उजेडाचा भाग किती, याचे एक स्वच्छ उत्तर दूरच्या समुद्रातून उपलब्ध आहे. रॉबर्ट मिलर आणि रॉन एटर यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मेनच्या आखातात, समुद्राखालच्या आडव्या कातळावर सावली धरून पाहिली, आणि त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सावलीखाली शैवालाची सद्दी संपून स्थिर प्राण्यांनी जागा घेतली. आडवा कातळ आडवाच राहिला, फक्त उजेड काढून घेतला, आणि समूह उभ्या कड्याच्या दिशेने सरकला. कोकणच्या गढूळ पाण्यात गाळाचा वाटा त्या थंड समुद्रापेक्षा मोठा असेल, असे माझे मत आहे, पण ते मतच आहे.

मग लाटांचे काम काय? तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमके हेच विचारले, आणि तोपर्यंत विद्यार्थिनीकडे चांगले उत्तर होते. उतार ठरवतो की कातळ शैवालाचा की प्राण्यांचा. लाटा ठरवतात की प्राण्यांपैकी कोणाचा. हे तिला देहाच्या ठेवणीवरून केलेल्या गटांमुळे दिसले. पश्चिमेच्या कड्यावर जे होते ते सगळे एक तर कातळाला चपटून थर करणारे, एक तर चुन्याचे भक्कम कवच असलेले, एक तर आखूड आणि लवचिक. पूर्वेच्या कपारीतही प्राणी दाट होते, पण तिथे बोटांसारखे उभे वाढलेले नाजूक स्पंज होते, पारदर्शक ॲसिडियन होते, आणि पातळ फांद्यांचे हायड्रॉइड होते. असा देह सेकंदाला पाऊण मीटर वेगाने पुढे-मागे ओढला गेला तर मुळापासून सुटतो. उलट थर करून राहणाऱ्या स्पंजाला उंच वाढून प्रवाहात शिरण्याची गरजच नसते, कारण तो स्वतःच पाणी ओढतो, आणि लाट त्याने गाळलेले पाणी दूर नेऊन ताजे पाणी त्याच्या पुढ्यात आणते. प्रवाहाने आणून दिलेले तेवढेच खाणारे हायड्रॉइड आणि कप-प्रवाळ यांना मात्र हालचाल लागतेच. ती फार कमी झाली तर उपासमार होते, फार वाढली तर भुजा मिटून घ्याव्या लागतात.

लाटांचे दुसरे काम सफाईचे. डायव्हरने ते आपल्या भाषेत एका वाक्यात सांगितले होते: "थंय गाळ बसाकच गावणा नाय, लाट सारखी धुवन काढता." खळ्यावर उफणताना वारा जसा भूस उडवून दाणे राखतो, तसे लाट सुटे कण नेते आणि घट्ट चिकटलेले ठेवते. आडव्या पायरीवर मात्र तिचेही फारसे चालत नाही, कारण शैवालाची लव एकदा दाट झाली की तिच्या मुळाशी अडकलेली वाळू पुढे-मागे हलते, पण बाहेर पडत नाही.

थर करणाऱ्यांची कड्यावरची सरशी निव्वळ ताकदीची नाही. जेरेमी जॅक्सन यांनी १९७७ मध्ये मांडले होते की कठीण पृष्ठभागावरच्या जागेच्या स्पर्धेत वसाहती करून वाढणारे प्राणी एकेकट्या प्राण्यांवर सहसा मात करतात, कारण ते कडेकडेने सरकत शेजाऱ्यावरून वाढू शकतात आणि एखादा भाग मेला तरी उरलेला तो भरून काढतो. पश्चिमेच्या छायाचित्रांत बार्नॅकलच्या कवचांवर चढलेले स्पंज जागोजागी दिसत होते. तरीही बार्नॅकल संपलेली नव्हती. मोठे बार्नॅकल आपले तोंड स्पंजाच्या वर उघडे ठेवू शकते, शिवाय लाटांनी सोललेल्या उघड्या चकत्यांवर त्याची पिल्ले बसण्याची संधी वारंवार येते. या दोन कारणांपैकी कोणते अधिक खरे, हे एकदाच घेतलेल्या छायाचित्रांवरून ठरवता आले नाही.

युरोपातली नावे

प्रस्तावात विद्यार्थिनीने युनिस या युरोपीय अधिवास-वर्गीकरणातले नाव व त्याचा सांकेतिक क्रमांक वापरला होता. त्यात उजेडाच्या अभावी शैवाल मागे पडते अशा खोलीतल्या, लाटा किंवा प्रवाहांनी झोडपलेल्या कातळावरच्या समूहांसाठी एक सविस्तर शाखा आहे. तिच्यात ॲल्सियोनियम हा मऊ प्रवाळ, कोरिनॅक्टिस हे रत्नासारखे दिसणारे समुद्रफूल, फ्लस्ट्रा हा पानासारखा ब्रायोझोआ, ट्युब्युलेरिया हा हायड्रॉइड असे सगळे ईशान्य अटलांटिकचे रहिवासी येतात. वर्गीकरण उत्तम आहे, पण ते युरोपच्या समुद्रांसाठी आहे, आणि त्याची वरची सीमा केल्प या मोठ्या तपकिरी शैवालाच्या वनावर बेतलेली आहे. कोकणात केल्प नाही. उथळ कातळावर सरगॅसम असते, तेही ऋतूनुसार येते-जाते. त्यातच गढूळपणामुळे आपल्याकडे उजेड लवकर संपतो, त्यामुळे जो समूह युरोपात वीस-तीस मीटरवर अपेक्षित असतो त्याच्या ठेवणीचा समूह इथे दहा-बारा मीटरवर, आणि कपारीत त्याहूनही वर, भेटू शकतो. म्हणून सांकेतिक क्रमांक काढून टाकण्याचा आग्रह मी धरला, आणि त्याऐवजी उतार, खोली, दिशा, गाळ व देहाच्या ठेवणीनुसार प्राणी असे वर्णनच ठेवले. विद्यार्थिनीला हे आवडले नाही. क्रमांक लावला की काम शास्त्रीय दिसते, असे तिचे म्हणणे होते, आणि बऱ्याच परीक्षकांच्या बाबतीत ते खरेही आहे.

न पाहिलेले चार महिने

या प्रकरणातली सगळ्यांत मोठी उणीव भरून निघण्यासारखी नव्हती. ज्या लाटांबद्दल सारा वाद, त्या जून ते सप्टेंबर या काळातल्या, आणि त्या काळात तिथे कोणीही बुडी मारत नाही. डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतो. सगळी छायाचित्रे शांत पाण्यातली होती. पावसाळ्याचा पुरावा मिळाला तर तो उरलेल्या खुणांवरूनच मिळतो: मोठी, जुनी बार्नॅकल आणि कप-प्रवाळाचे जाड झुबके म्हणजे पावसाळा सोसलेले रहिवासी, आखूड, एकसारख्या उंचीची हायड्रॉइडांची लव बहुधा पावसाळ्यानंतर बसलेली नवी पिढी. 'बहुधा' हा शब्द अहवालात तसाच ठेवला.

त्यात पश्चिम किनाऱ्याची एक खास गोष्ट आहे, जी युरोपातल्या कोणत्याही लाटांच्या अभ्यासात भेटणार नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर खालून प्राणवायूची टंचाई असलेले पाणी वर सरकते, आणि पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर वर झाकणासारखा बसल्याने त्याला हवा मिळत नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये ही टंचाई तीव्र होत असल्याचे दाखवले. असे पाणी त्या खडकाच्या पायथ्याशी पोहोचत असेल, तर सतत ढवळली जाणारी खुली बाजू आणि संथ आडोसा यांना त्याचा सारखा फटका बसणार नाही, आणि आडोशाला प्राणी विरळ असण्याचे ते एक तिसरेच कारण ठरेल. प्राणवायूच्या नोंदी नसल्याने अहवालात ही शक्यता एका परिच्छेदात मांडून तिथेच थांबावे लागले.

अंतिम अहवालात विद्यार्थिनीने शीर्षकातून 'लाटांचा परिणाम' हे शब्द काढले आणि निष्कर्ष तीन पातळ्यांवर लिहिला: उभ्या व झुकत्या पृष्ठभागांवर प्राणी आणि वर तोंड केलेल्यांवर शैवाल, हे दोन्ही बाजूंना आढळले, प्राण्यांच्या देहाची ठेवण बाजूनुसार वेगळी होती आणि ती लाटांच्या ओढ्याशी सुसंगत आहे, यांपैकी कशालाही एका खडकापलीकडे लागू करता येत नाही. गुण बरे मिळाले.

पुढच्या तुकडीतील एका विद्यार्थ्याने आता प्रयोगाचा प्रस्ताव दिला आहे. नाशिक परिसरातील खाणीतल्या काळ्या दगडाच्या एकसारख्या फरश्या कापून घ्यायच्या, दोन्ही बाजूंना काही उभ्या, काही आडव्या आणि काही आडव्या पण वरून सावली धरलेल्या अशा बसवायच्या, आणि मे महिन्यात लावून ऑक्टोबरमध्ये काढायच्या, म्हणजे निदान पावसाळाभर काय बसले आणि काय टिकले ते हाती येईल. आवश्यक त्या परवानग्यांचे अर्ज तयार होत आहेत. फरश्या कातळाला कशा जखडायच्या हे मात्र ठरलेले नाही, कारण डायव्हरच्या मते साध्या बोल्टवर बसवलेली फरशी पश्चिमेच्या बाजूला जुलै पाहणार नाही.